आजीचा बंब

प्रिय आई,

मायन्यापाशीच अडलो. आधी 'तीर्थरूप' लिहिलं, मग खोडलं. तुम्ही असताना मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आता एकदम तीर्थरूप कुठून आणू? फोनवरसुद्धा आपलं बोलणं ठरलेलं असायचं. तुम्ही विचारायचात, "काय जावईबापू, बरंय ना?" मी म्हणायचो, "बरंय." की लगेच, "मंजूला द्या."

मग हा पत्रप्रपंच आत्ता कशाला? तर आई, तुमचा बंब फुटला.

गेल्या शुक्रवारी सकाळी फुटला, आणि त्यापायी बहरीनच्या जुफैरमधली आमची अख्खी बिल्डिंग झोपेच्या कपड्यांत खाली रस्त्यावर येऊन उभी राहिली. गुन्हेगार म्हणून माझं नाव लागलं आहे. खरा गुन्हेगार कोण, हे मोजक्या माणसांना ठाऊक आहे, आणि त्यांतल्या एक तुम्ही. म्हटलं, इतरांपुढे तोंड उघडायची सोय नाही, निदान तुमच्याशी तरी बोलून घ्यावं.

बहरीनमध्ये पाणी तापवायला वेगळं यंत्र कशाला लागतं, असं तुमच्या कराडात सगळे हसून विचारायचे. तुम्हीही विचारलं होतंत. पहिल्या खेपेला तुम्ही आलात ती भर मे महिन्यात. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हानं इतकं तापलेलं की गार पाण्याच्या नळाखाली धरलेला हात मागे घ्यावा लागायचा. म्हणून इथले लोक उन्हाळाभर गीझर बंद ठेवतात आणि त्याच्या टाकीत साठून निवलेलं पाणी गार म्हणून वापरतात. तांबड्या खुणेचा नळ गार, निळ्या खुणेचा गरम! दोन दिवस बोटं भाजून घेतल्यावर तुम्ही मंजूला म्हणालात, "हे लोक बंबात गार पाणी ठेवतात, आणि अडाणी म्हणे आम्ही."

पण जानेवारीची गोष्ट वेगळी. समुद्रावरून उत्तरेचा शमाल वारा सुटला की आमच्या घरातल्या फरशीवर पाय ठेववत नाही. घरं बांधणाऱ्यानं फक्त उन्हाळ्याचा विचार केलेला. तुम्ही नंतरच्या खेपांना थंडी चुकवायला म्हणून इथं यायचात आणि मोजे घालून, शाल गुंडाळून सोफ्यावर मांडी घालून बसायचात. वर मलाच विचारायचात, "जावईबापू, आखात गरम असतं ना?" जसं काही हवा मीच मागवली होती!

तुमचा सगळा जीव आंघोळीच्या पाण्यावर. शॉवर तुम्हाला कधी पटला नाही. अंगावर वरून पाणी सांडायला आपण काय झाड आहोत का, असा तुमचा सवाल. बादली हवी, तांब्या हवा, बसायला स्टूल हवं, आणि पाणी असं हवं की त्यातून वाफ निघाली पाहिजे. कराडच्या मोरीत तुमचा तांब्याचा बंब होता, करवंट्या आणि मक्याची बुरकुंडं घालून पेटवायचा. इथं भिंतीवर टांगलेला पांढरा गीझर होता. तुमच्या लेखी फरक शून्य. जे पाणी तापवतं ते बंब. तुम्ही त्याचं बटण दाबून "बंब पेटवलाय गं" म्हणायचात आणि बंद करून "बंब विझवला" म्हणायचात.

त्याच बाथरूममध्ये, त्याच स्टुलावर बसवून तुम्ही रेवाला आंघोळ घालायचात. ती तुमची एकुलती एक नात, आणि तुमचं एकुलतं एक दुःखही! तिला मराठी समजायचं सगळं, पण तोंडातून यायचं इंग्रजी. "जेवलीस का गं?" "येस आजी." "आणि काय खाल्लंस?" "जस्ट डोसा." एकदा तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "माझी नात माझ्याशी विमानातल्या बाईसारखी बोलते हो." मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. पुढं म्हणालात, "मी गेल्यावर ह्या पोरीत माझं काय राहणार?" मी विषय बदलून चहाचं विचारलं.

आता मुद्द्यावर येतो. मागच्या हिवाळ्यात गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकत होता, आठवतं? पाणी तापलं की थेंब थेंब पडायचे. तुम्ही म्हणालात, घरात पाणी ठिबकलं की लक्ष्मी वाहून जाते, काहीतरी करा. मी हिद्दच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. असा विषय मिळाल्यावर मला दम धरवतो होय? तुम्हाला समोर बसवून समजावून सांगितलं की तापलेलं पाणी फुगतं, ते जादा पाणी बाहेर पडायला ही वाट ठेवलेली असते, आणि ही वाट बुजली तर टाकी फुटू शकते. तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत. "बरं," म्हणालात. दोन दिवसांनी ठिबकणं थांबलं. मला वाटलं, आपलं भाषण पाण्यानंसुद्धा ऐकलं!

तुम्ही कराडला परतलात. उन्हाळा लागला, गीझर बंद झाला. श्रावणात तुमच्या घरून फोन आला. मंजूनं मिळेल ते पहिलं विमान पकडलं, पण ती पोचली तेव्हा तुम्ही निघून गेला होतात. आई, इतकी कसली घाई होती? लेकीला उंबरा ओलांडू द्यायचा होता. तुमच्यावर माझा राग असलाच तर तो ह्या एका गोष्टीचा आहे, बंबाचा नाही.

मग पुन्हा थंडी आली, आम्ही गीझर लावला, आणि तो शुक्रवार उजाडला. मंजू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सकाळच्या शिफ्टला गेलेली. घरात नारळ नव्हता म्हणून मी खालच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या वाण्याकडे, गेलो. रेवा हॉलमध्ये टीव्ही बघत होती. तेवढ्यात बाथरूममध्ये धडाम् असा आवाज झाला, गीझरची टाकी खालून उसवली आणि छताच्या पट्ट्यांसकट गरम पाणी खाली आलं. रेवा बाहेर होती ही देवाची कृपा. स्टूल मात्र गेलं.

पोर शहाणी. दार उघडून थेट समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. तिथं राहणारे गोरे गृहस्थ अमेरिकन नौदलाच्या तळावर काम करतात. रेवानं त्यांना काय सांगावं? गीझर हा शब्द तिला शाळेत कोणी शिकवला नव्हता, तिला शिकवणाऱ्या तुम्ही. ती म्हणाली, "अंकल, द बंब हॅज बर्स्ट!"

त्यांनी विचारलं, काय? ती म्हणाली, "माय आजीज बंब. इन द बाथरूम." आजी म्हणजे ग्रँडमदर, एवढं त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, कुठं आहे तुझी आजी? रेवानं खरं तेच सांगितलं. "शी डाइड."

आई, त्या माणसाला मी दोष देत नाही. त्यानं रेवाला उचललं, भिंतीवरचं फायर अलार्मचं बटण दाबलं आणि मजल्यामजल्यावर दारं ठोठावत खाली आला. मी नारळ आणि कोथिंबिरीची पिशवी घेऊन परतलो तर बिल्डिंगच्या दारात जत्रा! कोणी दुलई पांघरलेलं, कोणाच्या तोंडात ब्रश, कोणी मांजर छातीशी धरलेलं. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, सातव्या मजल्यावर एका म्हातारीनं बॉम्ब ठेवला होता.

सातव्या मजल्यावर राहणारी म्हातारी अशी आजवर एकच झाली. मी आधी गर्दीतून रेवाला शोधून काढलं.

मग सायरन वाजवत लाल गाडी आली. आता ह्या गाडीलाही आपल्यात बंबच म्हणतात की नाही? म्हणजे बंब फुटला म्हणून बंब आला! एवढ्या गोंधळातही मला वाटलं, तुम्ही असतात तर पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला असतात.

त्यांचा अधिकारी माझ्यापाशी आला. आधी माझ्याकडे, मग पिशवीतल्या नारळाकडे बघितलं. अशा प्रसंगी नारळ किती संशयास्पद दिसतो हे मला त्या दिवशी कळलं. मी सांगितलं की आमच्या भाषेत बंब म्हणजे वॉटर हीटर, दुसरं काही नाही. त्याला ते पटत आलं होतं. पण अर्धवट माहिती देणं माझ्या पेशात बसत नाही, म्हणून मी पुढं हेही सांगितलं की तुमच्या ह्या गाडीलाही आम्ही बंबच म्हणतो. त्यानं गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, "खलास, खलास," म्हणजे पुरे झालं, असं म्हणाला, आणि माणसांना वर पाठवलं. त्यांनी पाणी आणि वीज बंद केली. जाताना त्यानं मला एवढंच सुचवलं की मुलीला 'हीटर' हा शब्द शिकवा.

दुपारी नमाज आटोपून मजीदभाई आले. तुमचे रत्नागिरीचे मजीदभाई! बिल्डिंगचं प्लंबिंग आणि एसी बघणारे, तुम्ही चहाबरोबर चकली दिल्याशिवाय ज्यांना जाऊ दिलं नाहीत ते. तोवर मंजूही कामावरून परतली होती. मजीदभाईंनी गीझर खाली उतरवला आणि पालथा केला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, ह्या व्हॉल्व्हला बूच कोणी मारलान?"

मी वाकून बघितलं. काकवीच्या बाटलीचं बूच. बत्त्यानं ठोकून ठोकून आत बसवलेलं. त्यावर हिरव्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळलेली, आणि वरून सुतळीच्या गाठी. आई! गळक्या नळाला चिंधी बांधतात तशी तुम्ही सेफ्टी व्हॉल्व्हला चिंधी बांधलीत? माझं एवढं भाषण ऐकून? थर्मोस्टॅट जुना होऊन अडकला, पाणी उकळत राहिलं, आणि त्याची बाहेर पडायची वाट तुम्ही बुजवून ठेवलेली. तुमची लक्ष्मी काही त्या वाटेनं गेली नाही हे मात्र खरं. ती छत फोडून गेली.

मजीदभाई म्हणाले, टाकून देतो, मी काही बघितलंच नाही. पण तेवढ्यात मागून बिल्डिंगचा मॅनेजर आत आला होता, आणि त्यानं सगळं बघितलं होतं.

माणूस तसा वाईट नाही. बाल्कनीत तुम्ही सांडगी मिरची वाळत घालायचात म्हणून तुम्हाला तीनदा नोटीस देणारा तोच, आणि तिसऱ्या नोटिशीनंतर तुम्ही पाठवलेली मिरची खाऊन घाम पुसत आणखी मागायला आलेला तोही हाच. त्यानं चिंधी निरखली आणि मला विचारलं, तुझ्या सासूबाई ना?

मग त्यानं मला नीट समजावलं. गीझर वयानं फुटला असता तर खर्च मालकाचा. पण हा कोणी मुद्दाम बुजवलेला आहे. तू केलंस म्हणालास तर सगळा भुर्दंड तुझ्यावर, नवा गीझर, छत, खालच्या फ्लॅटचं भिजलेलं फर्निचर, सगळं. मात्र पाहुण्या आलेल्या वयस्क बाईंनी न कळून केलं असं लिहून दिलंस, तर मी मालकाशी बोलतो, निम्म्याहून जास्त सुटेल. "मफी मुश्किला," तो म्हणाला, काही अडचण नाही. त्या तर आता नाहीत. त्यांना काय फरक पडतो?

बरोबरच होतं त्याचं. आणि खरं तेच तर लिहायचं होतं! शिवाय माझा विचार करा. सेफ्टी ऑफिसर माणूस, दर वर्षी ह्याच बिल्डिंगच्या लॉबीत उभा राहून लोकांना सुरक्षिततेवर चार शब्द सांगणारा. त्यानं स्वतःच्या गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला बूच ठोकलं, असं लिहून द्यायचं? हजामानं स्वतःचंच नाक कापून घेतल्यासारखं झालं असतं. मी खिशातून पेन काढलं. तुमचंच नाव लिहायला काढलं, तुमच्यापाशी लपवून काय करू?

मंजूकडे बघितलं. बुचावरची चिंधी तिनं सोडवून घेतली होती आणि मुठीत धरली होती. चिंधी काकवीनं अजून चिकट होती. तुमच्यामागे तुमचं लुगडं तिच्या वाट्याला आलं नव्हतं, कराडला ती पोचेपर्यंत वाटावाटी होऊन गेली होती. ती मूठ बघून मी पेन तसंच धरून थांबलो.

तेव्हा रेवा माझ्या जवळ आली. मॅनेजरकडे एकदा बघितलं, माझा शर्ट ओढला आणि त्याला कळू नये म्हणून कानाशी येऊन, पण चांगलं ऐकू येईल असं म्हणाली, "बाबा, आजीचा नाव नको सांगू."

आई, तुमची नात मराठीत बोलली.

'आजीचा नाव' म्हणाली. नाव तिनं पुल्लिंगी केलं, ते तुम्ही चालवून घ्या. मॅनेजरच्या समोर, त्याला कळू नये अशी एक घरची भाषा तिला हवी होती, आणि ती तिला सापडली. इतकी वर्षं तिला खाऊ देऊन, रागावून, गोष्टी सांगून आपल्याला जे जमलं नाही, ते तुमच्यावर आळ येतो म्हटल्यावर जमलं. तुम्ही विचारलं होतंत ना, तुम्ही गेल्यावर ह्या पोरीत तुमचं काय राहणार? घ्या उत्तर.

मी मॅनेजरला सांगितलं, बूच मी ठोकलं. तो बघतच राहिला. "तू? सेफ्टी ऑफिसर?" मी म्हटलं, हो, ठिबकण्याचा आवाज सहन होत नव्हता. त्यानं चिंधीबद्दल विचारलं. मी म्हटलं, घरात जे सापडलं ते बांधलं. त्याचा काडीचाही विश्वास बसला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण मी लिहून दिलं, सही केली. मजीदभाई खाली मान घालून पाना पुसत बसले होते. जाताना मला म्हणाले, आजींच्या हाताचं काम पक्कं होतं हो, टाकी फाटली पण बूच हललं नाही.

नव्या सोफ्यासाठी साठवलेले दिनार पाण्यात गेले, शब्दशः. तुम्ही मांडी घालून बसायचात तो जुना सोफा आता आणखी काही वर्षं राहील. लिफ्टमध्ये लोक मला 'मिस्टर बॉम्ब' म्हणून हाक मारतात. लॉबीतलं माझं यंदाचं भाषण रद्द झालंय. समोरचे गृहस्थ मात्र भले निघाले. त्यांनी रेवाला विचारून 'बंब' हा शब्द नीट लिहून घेतला आणि परवा, माझ्या कबुलीवर विश्वास न ठेवता, मला सांगितलं की त्यांच्याकडेही आज्या असंच काहीतरी करतात.

चिंधी मंजूनं धुतली नाही. कपाटात ठेवली आहे. मॅनेजरनं पुरावा म्हणून मागितली होती, तिनं दिली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ती मोकळेपणी रडली, आणि रडता रडता बत्ता घेऊन स्टुलावर चढलेल्या तुम्हाला डोळ्यांपुढे आणून हसायला लागली. पडला असतात तर, आई? त्या वयात? कोणाला हाक नाही मारायची?

तुम्ही मला समोर कधी बोलला नाहीत, पण मंजूकडे म्हणायचात ते माझ्या कानावर यायचं. जावई म्हणजे दहावा ग्रह, लेकीच्या घरी राहायचं तर आधी त्याची शांत करावी लागते. म्हणायचात ना? कुंडलीत बसून राहणार, सगळं घेणार, अंगावर काही घेणार नाही. असू दे. ह्या वेळी थोडं घेतलंय अंगावर. कराडच्या बायकांना सांगता येणार नाही तुम्हाला आता, पण तिथं वर कोणी ओळखीचं भेटलं तर जाता जाता सांगा.

नवा गीझर बसलाय. त्याचा व्हॉल्व्हही ठिबकतो, ठिबकायलाच हवा. खाली तुमचा तांब्या ठेवलाय. भरला की रेवा ते पाणी बाल्कनीतल्या मिरचीच्या कुंडीत ओतते. म्हणजे लक्ष्मी घरातच राहते, काळजी नसावी.

एक वचन देतो. त्या अधिकाऱ्यानं सांगितलं म्हणून रेवाला 'हीटर' शिकवलाय. पण आमच्यात ठरलंय, जिन्यात हीटर, घरात बंब. मी ह्या घरात असेतो त्याला दुसरं नाव कोणी ठेवणार नाही. काल सकाळी बाथरूमच्या दारातून तिनं मला हाक मारली, "बाबा, बंब पेटवला!" ह्या वेळी व्याकरण बरोबर होतं.

तुमचा दहावा ग्रह,
सुहास